आम्ही लाकडांची वयं लिहिली

आमच्या सुजाताची शाळा एका अस्वलानं सोडवली.

हे मी जिथे जिथे सांगते तिथे लोक हसतात, पण त्या वेळी कोणी हसलं नव्हतं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. ‘हे’ तेव्हा आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका लाकडाच्या डेपोवर होते. (गावाचं नाव सांगत नाही. तेव्हाचे साहेब अजून पेन्शन घेतात.) डेपो म्हणजे काय, तर कापून आणलेल्या सागाच्या थप्प्याच थप्प्या, एक ऑफिस, एक आमचं क्वार्टर, एक हापशी आणि उरलेलं सगळं जंगल. शाळा नाल्यापलीकडच्या गावात. वाटेत मोहाची झाडं. फुलं गळायला लागली की वेचायला बाया यायच्या, हरणं यायची, आणि त्या वर्षी एक अस्वल आलं ते तिथलंच होऊन बसलं. बाया पहाटेच थव्यानं येऊन, हाकारे घालत फुलं नेत. अस्वल त्यांच्यानंतर यायचं, उरलंसुरलं खायला, आणि नेमकं सकाळच्या शाळेच्या वेळी! एकदा आमच्या गुरुजींनी सायकल टाकली आणि उलट्या पावली गाव गाठलं. अस्वलानं सायकल हुंगली, घंटी वाजली, तेही दचकून पळालं. पण गुरुजींनी ते बघितलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली.

नवे गुरुजी येणार, येणार म्हणता म्हणता पावसाळा आला आणि नाला भरला. अस्वल केव्हाच निघून गेलं होतं, पण तोवर शाळाही गेली होती. पोरगी आठ वर्षांची. दिवसभर लाकडांवरून उड्या मारायची.

‘‘अवो, हिच्या शिक्षणाचं काय?’’ मी विचारलं.

‘‘तू शिकव ना,’’ हे म्हणाले, आणि जेवू लागले.

आता माझी शैक्षणिक पात्रता सांगते. मॅट्रिक नापास. गणितात दोनदा, आणि दुसऱ्या वेळी गणिताला सोबत म्हणून इंग्रजीतही. हे घडलं ते अशा घरात, जिथे शिक्षणासारखं दुसरं काही पवित्र नव्हतं. माझे बाबा भद्रावतीला कारखान्यात कामाला होते. आमच्याकडे संध्याकाळी बुद्धवंदना आणि तीसपर्यंतचे पाढे एकाच दमात, एकाच चालीत व्हायचे. एकोणतीसचा पाढा हा वंदनेचाच भाग आहे असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. (त्यामुळे तो मी डोळे मिटून म्हणत असे, आणि चुकत असे.) अशा बापाची लेक नापास झाली, तेव्हा त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. नुसते अंगणात खाट टाकून आभाळाकडे बघत बसले. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं मला आजही वाटतं.

तर अशी मी, मास्तरीण झाले! पहिल्या दिवशी लुगड्याचा पदर खोचला, हातात छडी घेतली आणि भागाकार काढला. सोळा बोरं घेतली, म्हटलं, चौघांत वाट. सुजूनं विचारलं, ‘‘चौघं कोण?’’ म्हटलं, कोणीही. ती म्हणाली, ‘‘असं कसं कोणीही? आबाजीले बोरं चावत नाई, बाबाले आवडत नाई. मंग तुले आठ, मले आठ.’’ (आबाजी म्हणजे माझे बाबा.) भागाकार बरोबर होता, उत्तर चूक होतं, आणि बोरं संपली होती. दुसऱ्या दिवशी छडीनं मी चूल पेटवली.

मग आमची शाळा तिच्या मर्जीनं चालू झाली. म्हणजे ती प्रश्न विचारायची आणि माझी धांदल उडायची. ‘‘आई, बैल रवंथ करतो तेव्हा त्याले पहिली चव येते का दुसरी?’’ ‘‘आई, मुंग्या एकमेकींच्या तोंडाले तोंड लावून काय सांगतात?’’ ‘‘आई, सागाचं पान चुरलं की हात लाल काऊन होतो?’’ मी आधी आयांची नेहमीची उत्तरं दिली. देवानं तसं केलं म्हणून, असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. म्हणून मी म्हणायची, ‘‘तसंच असते.’’ ती म्हणायची, ‘‘तसंच काऊन असते?’’ एक दिवस वैतागून मी मुंग्यांच्या रांगेत साखर टाकली आणि तिच्यासोबत उकिडवी बसले. दुपारचा स्वयंपाक राहिला. हे जेवायला आले तर मायलेकी जमिनीला नाक लावून.

‘‘भात?’’

‘‘थांबा ना, ही लंगडी मुंगी घरापर्यंत पोचते का पाहू द्या!’’

ती पोचली. त्या दिवशी यांनी चिवडा खाल्ला, आणि मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. लग्नाला दहा वर्षं झाली होती. त्या दहा वर्षांत मला रोज एकच प्रश्न पडत होता, आज भाजी काय करू. त्याआधी शाळेत जे प्रश्न पडले ते परीक्षेत पडले, म्हणजे माझ्यावर पडले. आपणहून, फुकटचा, कामाचा नसलेला प्रश्न मला पडू शकतो, हे मला तिशीत, जंगलात, एका लंगड्या मुंगीमुळे कळलं. मला फार आनंद झाला. रात्रभर झोपेतही मी मुंग्याच मोजत होते म्हणे.

थंडीत नवा माल यायला लागला. साग कापून, साफ करून, ट्रकनं डेपोत यायचा. प्रत्येक लाकडाच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या गोल बाजूवर, हे पांढऱ्या रंगानं त्याचा नंबर, लांबी, गोलाई लिहायचे आणि सरकारी हातोड्याचा ठसा मारायचे. सुजू त्या तोंडांवरून बोट फिरवत विचारू लागली, ‘‘आई, हे गोल गोल काय?’’

‘‘झाडाच्या बांगड्या,’’ मी म्हटलं. (जुन्या सवयी सहज जात नाहीत.)

‘‘बांगड्या आत काऊन घातल्या?’’

संध्याकाळी यांना विचारलं. यांच्या तोंडात घास होता. ‘‘एका वर्साचं एक वलय. मोजलं की झाडाचं वय समजते. वरण वाढ.’’

वरण वाढायचं राहिलं! इतकी वर्षं हा माणूस रोज या लाकडांत वावरतो, त्याला हे ठाऊक आहे, आणि तो हे वरणाच्या आधी एका वाक्यात सांगून मोकळा होतो! दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी सुया आणि काटे घेऊन लाकडांची वयं मोजायला लागलो. दर दहा वलयांवर एक बाभळीचा काटा टोचायचा. सुजू शंभरापर्यंत मोजायला तिथे शिकली, दहाचा पाढाही तिथेच. कुठल्या वर्षी पाऊस बरा झाला ते वलयाच्या जाडीवरून ओळखायला लागली. जाडजूड लाकूड तरणं निघायचं, आणि त्याच्याहून कितीतरी बारकं लाकूड तिच्या आबाजींपेक्षा म्हातारं. एकदा ती एका वाकड्या लठ्ठ्याला ‘‘बसा, आजी’’ म्हणाली, आणि त्यावर बसली नाही.

असं सगळं सुखात चाललं असताना भद्रावतीला कोणीतरी जाऊन सांगितलं की तुमची नात शाळेत जात नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी हजर! एस.टी.नं आलापल्ली, तिथून लाकडाच्या रिकाम्या ट्रकमध्ये, पांढरं स्वच्छ धोतर धुळीनं लाल झालेलं, आणि छातीशी एक कोरं दप्तर. आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाही.

‘‘पोट्टी घरी काऊन?’’

‘‘बाबा, शाळेत गुरुजी नाई. मी शिकवतो तिले.’’

‘‘तू?’’ बाबा खाटेवर बसले. ‘‘तू नापास झाली. आता तिलेबी नापास करायची सोय करून राह्यली का?’’

मग ते हळू बोलायला लागले, आणि त्यांचं हळू बोलणं मला नेहमी जास्त लागतं. ‘‘मले माह्या बापानं शाळेत नेलं तर मास्तरनं दाराच्या भाईर बसवलं. व्हरांड्यात. खिडकीतून ऐकून शिकलो मी. का तर, माह्या पोरांनी आत बसावं. आन् तू आपल्या पोरीले सोताहून घरी बसवतं? दार उघडं असून?’’

मी म्हटलं, ‘‘ती शिकते, बाबा. खरंच शिकते. तुम्ही परीक्षा घ्या.’’

‘‘घेतो. परवा सकाळी. पास झाली तर ठेव तुयापाशी. नाई तर माह्यासंगं भद्रावती. तिथी शाळा घरापासून हाकेवर आहे.’’

मी हो म्हटलं. सुजू दप्तराचा पट्टा लावून आरशात बघत होती. पाढे तिला कुठे येत होते? दहाचा येत होता, तोही काट्यांसकट.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते केलं, ज्यासाठी मी आजही आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. माझा बेत साधा होता. तोंडी परीक्षा झाली की बाबांना डेपोत फिरवून आणायचं, आणि सुजूनं प्रत्येक लाकडाचं वय त्यांना सांगायचं. इतकी मोजणी बघून कुठला बाप नातीला नापास करेल? पण ऐन वेळी पोरगी विसरली तर? म्हणून आधीच मोजून लिहून ठेवावं. गेरूनं लिहिलं तर दव पडून पुसतो. खडू तर दिसतच नाही. ऑफिसच्या पडवीत यांचा पांढऱ्या रंगाचा डबा होता, कुंचला होता, आणि हे साहेबांना आणायला आलापल्लीला गेले होते. बाबा जेवून घोरत होते. आम्ही दोघी पदर खोचून कामाला लागलो. सुजू मोजायची, मी लिहायची. माझं अक्षर चांगलं. शाळेत तेवढंच चांगलं होतं. यांच्या नंबरखाली, अगदी त्याच उंचीचे, सुबक आकडे काढले. ९४. ३५. ७०. १०८. संध्याकाळपर्यंत पुढच्या रांगेतली झाडून सगळी लाकडं आमची झाली.

दुसऱ्या दिवशी लिलाव होता.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. साहेबांसाठी चहाची कपबशी मीच घासली होती. पण मला वाटलं, व्यापारी लाकूड बघायला येतात. ते वाचायलाही येतात हे मला कोणी सांगितलं होतं?

सकाळी इकडे पडवीत परीक्षा सुरू झाली, आणि तिकडे डेपोत व्यापारी उतरले. चंद्रपूरचे, नागभीडचे, एक तर पार तेलंगणातून आलेला. बाबा खुर्चीत, सुजू समोर उभी, मी दाराआड.

‘‘सतरा नवे किती?’’

‘‘आबाजी, सतराच काऊन?’’

‘‘मी इचारलं म्हणून!’’

‘‘थांबा.’’ सुजू अंगणात गेली, खडे वेचून आणले, सतरा-सतराचे ढीग मांडायला लागली. बाबांचा चहा पिऊन झाला. पान खाऊन झालं. कपाळावरच्या आठ्या मात्र वाढत गेल्या. शेवटी ती म्हणाली, ‘‘एकशे त्रेपन्न. पण आबाजी, एक मज्जा सांगू? सतराचे दहा ढीग केले आन् एक उचलून फेकला, तर लवकर होते!’’

मला दाराआड टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मला हे शाळेत कोणी का सांगितलं नव्हतं?

बाबा म्हणाले, ‘‘पाढा येत नाई. नापास.’’

इतक्यात डेपोतून आरडाओरडा ऐकू आला.

तिकडे काय झालं होतं ते नंतर कळलं. चंद्रपूरचे रशीदभाई हे जुने लाकूडवाले. लाकडावर नुसती टिचकी मारून आतलं पोकळ ओळखायचे. त्यांना नंबराखाली नवेच आकडे दिसले. आता लिलावात सरकारची एक आतली किंमत ठरलेली असते, तिच्याखाली माल सोडत नाहीत. ती साहेबांच्या बंद पाकिटात असते आणि ती आधी कळावी म्हणून व्यापारी देव पाण्यात घालतात. रशीदभाईंनी आकडे बघितले, इकडेतिकडे बघितलं, आणि मुनीमजींच्या कानात म्हणाले, ‘‘चुपचाप उतार लो.’’ मुनीमजी चुपचाप उतरवू लागले. ते नागभीडच्या सेठनं पाहिलं. रशीदभाई उतरवतात म्हणजे काहीतरी आहे! त्यांनीही उतरवले. तेलंगणातल्या पाहुण्याला तर मराठी आकडेही वाचता येत नव्हते. तो त्यांची चित्रं काढू लागला!

साहेबांनी लिलाव पुकारला. पहिलाच लठ्ठा देखणा, सरळसोट, कवेत न मावणारा. खाली आमचा आकडा, ३५.

जो तो आपल्या कागदाकडे बघू लागला.

‘‘अहो, बोला!’’ साहेब म्हणाले. कोणी बोलेना. पस्तीसच लावलाय म्हणजे नक्कीच आत किडका असणार! पुढचा नग वाकडा, चिरलेला, ज्याला एरवी कोणी सरपणातही घेतलं नसतं. (तोच, ज्याला सुजू आजी म्हणाली होती.) खाली १०८. आणि बोली अशी पेटली की दोन सेठ एकमेकांच्या अंगावर गेले! साहेब चक्रावले. चष्मा पुसून त्यांनी लाकडाचं तोंड बघितलं, आकडा बघितला, आणि मग त्यांचा चेहरा सागाच्या पानासारखा लाल झाला.

‘‘रामटेके! हे काय लिहिलंय? कोणी लिहिलंय?’’

आमचे हे पुढे झाले. त्यांनी एका नजरेत ओळखलं. माझ्या नऊची शेपूट मी नेहमी लांब ओढते. नागभीडचे सेठ ओरडायला लागले होते, ‘‘आतली किंमत फोडली! डेपोवाल्यानं किंमत फोडली!’’ आणि हे, जे घरात मीठ कमी पडलं तर वरपर्यंत हिशेब मागतात, खाली मान घालून म्हणाले, ‘‘मी लिहिलं, सर.’’

मी तोवर धावत तिथे पोचले होते. मागे बाबा, आणि सगळ्यांच्या पुढे सुजू. ती वाकड्या लठ्ठ्यावर चढली. (पहिल्यांदाच. वेळच तशी होती.)

‘‘बाबानं नाई लिहिलं! मी आन् आईनं लिहिलं! हे किंमत नाई, वय आहे!’’

‘‘कोणाचं वय?’’ साहेब ओरडले.

‘‘लाकडाचं!’’

रशीदभाईंनी मुनीमजींच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मुनीमजींनी तो हळूच पाठीमागे नेला.

साहेब रागीट, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्या पस्तीसवाल्या लठ्ठ्याकडे बोट केलं. ‘‘हा एवढा जाड, आणि पस्तीसच? आणि तू उभी आहेस तो बारका, तो एकशे आठ?’’

‘‘हा नाल्याकाठचा असन,’’ सुजू म्हणाली. ‘‘बक्कळ पानी पेला. पाहा, याची वलयं बोटाएवढी. आन् माही आजी टेकडीवर खडकात होती. तिले खायले भेटलं नाई. म्हणून हळू हळू वाढली.’’ आणि मग ती खाली उतरून एकेक वलय दाखवत सांगायला लागली. इथे पाऊस कमी. इथे लय कमी. इथे आग लागली असन, हा काळा डाग पाहा. पांढऱ्या टोपीतले सेठ, साहेब, हातोडा घेतलेले मजूर, सगळे वाकून त्या लाकडात बघत होते. जन्मभर ज्यांनी सागाचे पैसे केले, ते पहिल्यांदाच त्यात डोकावत होते असं वाटलं. आठ वर्षांची पोरगी, नाक वाहतंय, आणि आवाजात एवढीशीही भीती नाही.

‘‘आन् हा काटा आबाजीचा,’’ ती म्हणाली. ‘‘आबाजी, या ना! सालीपासून उलटं मोजत आली मी. आई म्हणते तुम्ही माह्याएवढे होते तवा शाळेत गेले. तर हे ते साल. तुम्ही भाईर बसले ते.’’

हे मला ठाऊक नव्हतं. हे तिनं माझ्याशिवाय मोजलं होतं.

बाबा पुढे आले. लोकांनी वाट दिली. त्यांनी धोतर सावरलं, गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या काट्याजवळ अंगठा टेकवला. मग म्हणाले, ‘‘एवढुसंकच आहे का ते साल? मले तर लय मोठं वाटलं होतं.’’

रशीदभाईंनी तोंड फिरवलं आणि रुमालात नाक शिंकरलं. साहेबांनी घसा खाकरून हुकूम दिला की आमचे सगळे आकडे डांबरानं खोडावेत, लिलाव दुपारी पुन्हा पुकारावा, आणि रामटेकेंना मेमो द्यावा. मेमो रीतसर मिळाला. ‘सरकारी मालावर अनधिकृत वय लिहिणे’, असं त्यात कारण होतं. यांनी तो वाचला आणि डांबराचा डबा माझ्या हातात दिला, बस एवढंच. रशीदभाई मात्र वाकड्या आजीवरची बोली मागे घ्यायला तयार होईनात. मुनीमजी कळवळून सांगत होते की हे सरपण आहे. ‘‘जबान दिली म्हणजे दिली,’’ रशीदभाई म्हणाले. ‘‘और फिर, मियाँ, बुजुर्ग आहे. सडक पर थोडी छोडतात?’’

डांबरानं हात काळे करून मी घरी आले तेव्हा मी हवेत होते. परीक्षा कोण जिंकलं हे काय सांगायला हवं होतं? बाबा खाटेवर बसून सुजूच्या दप्तरात तिचे फ्रॉक घडी करून भरत होते.

‘‘बाबा, हे काय? आता तर पास झाली ना ती!’’

‘‘पास झाली म्हणूनच नेतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘नापास झाली असती तर तुयापाशीच ठेवली असती. जवाईबापू, सांगा हिले. हे पोरगी लाकडं मोजत बसवायची आहे का? तिले जिथवर जाता येते तिथवर जाऊ द्या ना, बाई.’’

सतरा नव्यांनी नापास झालेली, ती लाकडानं पास झाली, आणि पास झाली म्हणून माझ्या हातून गेली! मी इतकं चांगलं शिकवायला नको होतं. गणितात नापास व्हायची माझी एवढी दांडगी सवय, ती ऐन वेळी कुठे गेली कुणास ठाऊक. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. मी भांडले, रडले, दोन दिवस बाबांशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी सुजूच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घालून दिल्या.

ट्रक सागानं भरलेला होता. ती ड्रायव्हरशेजारी आजोबांच्या मांडीवर. मला वाटलं रडेल. मी रडायची सगळी तयारी करून उभी होते. तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडली, ‘‘आई! ट्रक पुढे चालला का झाडं मागं काऊन पळतात?’’ मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी धुळीत काही ऐकू गेलं नसतं.

त्यानंतर घर कसं झालं ते सांगू का? स्वयंपाक वेळेवर व्हायला लागला. हे खूश व्हायला हवे होते. मी वाढता वाढता विचारायची, ‘‘अवो, मोहाची फुलं पहाटेच काऊन गळतात?’’ हे म्हणायचे, ‘‘जेवू दे.’’ मी म्हणायची, ‘‘भाताचं पानी आटते तर जाते कुठी?’’ हे ताट घेऊन पडवीत जायचे. एकदा मी एकटीच मुंग्यांपाशी बसले, साखर टाकली, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की आपण बघत नाही, नुसत्या बसलो आहोत. दोघींनी बघायची गोष्ट एकटीनं बघितली की ती नुसती मुंगी असते. मी उठून घर झाडलं. त्या हिवाळ्यात मी घर इतकं झाडलं की अंगण खोल गेलं.

पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून मी मॅट्रिकला बाहेरून बसले. गणितात पास झाले, सांगायला हरकत नाही. सतराचे दहा ढीग करून एक फेकायचा, हे तोवर मला येत होतं. बाबांनी खाट अंगणात टाकली आणि आल्यागेल्याला पेढे वाटले. पण निकाल लागला त्या दिवशी सुजू तिच्या शाळेच्या सहलीला गेली होती.

ती सुट्टीत यायची, मग कमी यायची, मग पाहुण्यासारखी यायला लागली. आबाजी म्हणाले होते तसं, जिथवर जाता येतं तिथवर ती गेली. ते इतकं लांब निघालं की तिथे आमची संध्याकाळ होते तेव्हा सकाळ असते. काय काम करते ते तिनं मला अनेकदा सांगितलं आहे, आणि मी शेजारणींना दर वेळी वेगळं सांगते.

रविवारी तिचा फोन येतो. तब्येत बरी आहे का, गोळ्या घेतेस का, पाऊस झाला का. दोन मिनिटांत सगळं संपतं. ‘‘बरं मग, आई...’’ असं तिनं म्हटलं की मी घाईघाईनं माझा प्रश्न काढते. तो मी आठवडाभर निवडून ठेवलेला असतो. चंद्राचा एकच चेहरा का दिसतो गं? समुद्र खारा, मग ढग गोडे कसे? ती हसते. ‘‘आई, तुला एवढं साधं कसं कळत नाही?’’ ‘‘नाई ना वं कळत. सांग.’’ मग ती सांगायला लागते. सुरुवात पुस्तकी मराठीत करते, रंगात आली की ‘‘अवं, तसं नाई, पाहा आता’’ असं म्हणते, आणि तिकडचं तिचं काम, तिकडची सकाळ, सगळं थोडा वेळ थांबून राहतं.

उत्तर मला आधीच ठाऊक असतं. मी ते शेजारच्या पोराच्या मोबाइलवर बुधवारीच पाहून ठेवलेलं असतं. पण तिनं फोन ठेवू नये म्हणून मी ठार मूर्ख असल्याचं सोंग घेते, आणि आमचे हे खुर्चीतून सांगतात की त्यासाठी मला काही फार मेहनत करावी लागत नाही!